चव तिची, इंग्रजी माझं

९ नोव्हेंबर

निवृत्तीनंतर माझ्या हाती पडणारा इंग्रजी मजकूर म्हणजे औषधांच्या पाकिटांवरचा. तोही मी पेन्सिलीने दुरुस्त करतो, पण दाखवायचा कोणाला? आज मात्र खरंखुरं भाषांतराचं काम आलं, आणि घर शोधत आलं.

आणणारे गृहस्थ हेमराज. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. माग वडिलांबरोबर थांबला. हेमराज आता मौद्याच्या रस्त्यावर वाइन करतात. संत्र्याची, जांभळाची आणि, काय बोलावं, भिवापुरी मिरचीची. परदेशातली एक पार्टी माल घ्यायला तयार आहे. पण वाइन कशी करतात, कशी लागते, हे सगळं त्यांना इंग्रजीत आणि अधिकृत पाहिजे.

"मोबाइलवर टाकलं तं त्यानं एका मिनिटात करून देल्लं, काकाजी," हेमराज म्हणाले. "मंग पार्टी म्हने, खाली सही कोनाची? आता मोबाइल सही करते का?"

हे ऐकून मला किती बरं वाटलं ते इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही. भोसल्यांच्या दफ्तरापासून आम्हा पोतनिसांच्या घरात लेखणी आहे. मी स्वतः सरकारी अनुवादक म्हणून आयुष्यभर प्रत्येक कागदाखाली 'मुळाबरहुकूम खरे' असं लिहून सही केली. ती सही कोणाला तरी अजून लागते.

अडचण एकच. मी सुयोग कॉलनी व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे. दर एकतीस डिसेंबरला आम्ही चौकात टेबल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गरम मसाला दूध पाजतो. यंदा समितीचा रौप्यमहोत्सव, आणि त्याच टेबलापाशी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार. वाइनशी माझा संबंध कळला तर शाल राहिली बाजूला, तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण विचार केल्यावर लक्षात आलं, की शब्दांनी कोणाला चढत नाही. काम घेतलं.

सौ. म्हणाली, "घ्याच. घरात बसून माझ्या वरणावर शेरे मारण्यापेक्षा बरं."

१२ नोव्हेंबर

हेमराजांचं मराठी फारच घरगुती आहे. रस आंबवतात, विरजण घालतात, साका खाली बसू देतात, वरची निवळ काढून मुरवत ठेवतात. वाइन आहे की कैरीचं लोणचं? अशा मराठीचं थेट इंग्रजी करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कार्यालयात आम्ही आधी मराठी शुद्ध करत असू. म्हणून आज दिवसभर मी त्यांच्या मराठीचं मराठी केलं. आंबवणे, किण्वन. साका, तलस्थ अवशेष. मुरवणे, परिपक्वन. मन प्रसन्न झालं.

संध्याकाळी शंकानिरसनासाठी हेमराजांना वाचून दाखवलं. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकाजी, तलस्थ अवशेष म्हंजे का आहे?"

"तुमचा साका."

"मंग त्याले साकाच राहू द्या ना. त्यानं का बिघडवलं तुमचं?"

सामान्य माणसाला परिभाषेची गोडी लागायला वेळ लागतो.

१८ नोव्हेंबर

तांत्रिक भाग संपला. फर्मेंटेशन, रॅकिंग, लीज, सगळे शब्द जागच्या जागी बसले आहेत. साक्याला इंग्रजीत लीज म्हणतात हे कॉलनीत आज फक्त मला ठाऊक आहे आणि मी कोणाला सांगू शकत नाही, याचं जरा वाईट वाटतं.

आता शेवटचा भाग, चव. तिथे हेमराजांनी एवढंच लिहिलं आहे: 'संत्र्याची मस्त. जांभळाची मस्त. मिरचीची लय मस्त.' पार्टीला मात्र वास कसा, जिभेवर कशी, घोट गेल्यावर मागे काय उरतं, हे सगळं पाहिजे. मी तक्रार केली तर हेमराज तीन बाटल्याच घेऊन आले. "तुमीच चाखून लिहा, काकाजी. आमाले शब्द नाही सुचत."

आणि इथे मी अडकलो. न पडताळता मी कधी सही केलेली नाही. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका केली तेव्हा धोतर खोचून विहिरीत उतरलो होतो. दुसरीकडे, दर वर्षी अख्ख्या कॉलनीला न पिण्याची शपथ मीच देतो. म्हणून बूच काढून नुसता वास घेतला. वास वाइनचा आला. त्यापुढे काही लिहिता येईना.

"मी घेते," सौ. दारातून म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, शपथ!"

"मी कुठे घेतली शपथ? तुम्ही सगळे हात वर करून उभे होते तेव्हा मी आत तुमच्यासाठी पोहे करून राहिली होती. आम्ही बायका दर वर्षी पोहेच करतो."

कार्यवृत्त काढून पाहिलं. तिचं म्हणणं बरोबर आहे. समितीच्या एकाही सदस्याच्या पत्नीने आजवर शपथ घेतलेली नाही.

२० नोव्हेंबर

पहिली चाचणी, संत्रा. पडदे ओढले, कडी लावली. घरात तसले पेले नसल्याने स्टीलची वाटी घेतली. सौ.ने एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मी पेन सरसावून बसलो. बँकेत इतकी वर्षं कॅशवर बसलेली बाई, फार तर गोड की आंबट सांगेल, असं मला वाटलं होतं.

ती म्हणाली, "आधी चढेल लागते. जगात शहाणी काय ती मीच, असा तोरा. पण जरा दम धरला की आतून गोड निघते." मग दुसरा घोट घेऊन हसली. "एका माणसाची आठवण आली."

"कोणाची?"

"नाव काहून घ्यायला लावता? लिहा ना, एका माणसाची."

मी लिहिलं, 'ॲरोगंट ॲट फर्स्ट. गिव्हन टाइम, स्वीट अंडरनीथ. रिमाइंड्स द टेस्टर ऑफ अ सर्टन मॅन.' इंग्रजी उत्तम उतरलं आहे. पण शेवटचं वाक्य मला काही आवडलं नाही.

२१ नोव्हेंबर

हा माणूस कोण?

तिचा भाऊ नव्हे, तो वरूनही गोड नाही आणि आतूनही नाही. शेजारचे भैयाजी नव्हेत, त्यांना तोरा परवडणार नाही. मग आठवलं, तिच्या बँकेत सुमंत म्हणून एक होते. स्नेहसंमेलनात नाट्यगीतं म्हणायचे, गळ्याभोवती मफलर, भर मे महिन्यात. तोरा होता. संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरीही आले होते. आतून गोड असणं शक्य आहे.

मला काही फरक पडत नाही. केवळ संदर्भ पूर्ण असावा म्हणून टिपून ठेवतो.

२५ नोव्हेंबर

आज जांभूळ, आणि आज थोडक्यात वाचलो.

वाटी टेबलावर, सौ. तोंडात घोट घोळवते आहे, आणि मागच्या दाराने भैयाजी आत. हे आमच्या समितीचे सचिव, शेजारीच राहतात, दुधाचा हिशेब घेऊन आले होते. वाटीकडे पाहून म्हणाले, "वहिनी, हे का आहे?"

सौ.ने घोट गिळला. "जांभळाचा काढा. साखरेवर चांगला असतो."

भैयाजींना मधुमेह आहे. मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी वाटी उचलून रिकामी केली. मिशा पुसल्या. "बढिया आहे. अजून आहे का?" दुसरी वाटीही घेतली, दुधाचा हिशेब न देताच गेले, आणि जाताना मला मिठी मारली. इतकी वर्षं दारूबंदीसाठी झटलेल्या साध्या माणसाकडून माझ्या घरात असं पाप घडलं. मला फार अपराधी वाटलं.

ते गेल्यावर सौ.ने चव सांगितली. "तुरट. कौतुकाचा एक शब्द नाही. पण घोट गेला तरी सोबत राहते, उठून जात नाही."

मी जपून विचारलं, "आजही कोणाची आठवण?"

"त्याच माणसाची."

सुमंत तर दोन वर्षांत बदली घेऊन अमरावतीला उठून गेले होते. म्हणजे ते गेले, तरी हिच्या मनातून गेले नाहीत, असा अर्थ होतो. जेवण गेलं नाही.

२६ नोव्हेंबर

भैयाजी सकाळीच वाटी घेऊन हजर. "वहिनी, काढा उरला असंन तं द्या. रातच्याला काय झोप लागली!" साखर उतरली असावी.

३ डिसेंबर

मिरची. सौ.च्या डोळ्यांतून पाणी, नाक लाल, आणि हसू आवरेना. मी पाणी दिलं तर हाताने नको म्हणाली.

"लिहा. कशावरही भडकते, काही कारण लागत नाही. डोक्यात जाते. वाटतं, पुन्हा म्हणून तोंडाला लावणार नाही. आणि तेवढ्यात विझते, आणि मग दुसरी कोणती प्यावीशी वाटत नाही."

"त्याच माणसाची का?" मी विचारलं.

"त्याचीच की."

मी पेन आपटलं. म्हटलं, वाइनची चव सांगायला बसली आहेस की जुन्या ओळखी काढायला? आवाज वाढला असावा, कारण खिडकीतलं कबूतर उडालं. आणि ही बाई माझ्याकडे बघून आणखीच हसायला लागली, पदर तोंडाला लावून! मी तडक उठून गच्चीवर गेलो. थंडी होती, मफलर खाली राहिला होता. मग तो घेऊन तीच वर आली आणि माझ्या गळ्यात घालून गेली.

५ डिसेंबर

ते 'सर्टन मॅन'चं वाक्य तीनदा खोडलं, तीनदा परत लिहिलं. हेमराजांना काय कळणार आहे? पार्टीला काय कळणार आहे? पण तिने ते म्हटलं होतं. अनुवादकाला मत्सर होऊ शकतो, प्रमाणपत्राला होऊ शकत नाही. राहू दिलं. मला वाईट वाटतं आहे, ते मात्र कुठल्याच कागदावर येणार नाही.

शेवटी नियमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडलं. साक्षीदाराचं पूर्ण नाव व पत्ता: सौ. अरुंधती विश्वनाथ पोतनीस, सुयोग कॉलनी, नागपूर. त्याखाली, भाषांतर मुळाबरहुकूम खरे, माझी सही, आणि सहीखाली सवयीप्रमाणे भूषवलेली व भूषवत असलेली सर्व पदं. हेमराजांना बजावून सांगितलं, जिथे कुठे हा चवीचा मजकूर जाईल तिथे प्रमाणपत्रासह जाईल, एक अक्षर गाळायचं नाही.

"एकही नाही गाळत, काकाजी," हेमराज म्हणाले. भला माणूस आहे.

१९ डिसेंबर

हेमराजांचा फोन. पार्टी बेहद्द खूश. असं आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं म्हणतात, माल मागवला. किण्वनाचा भाग आवडला असणार.

२७ डिसेंबर

चौकातल्या टेबलाची तयारी. बदाम कोणी सोलायचे यावर दोन तास बैठक झाली. शेवटी नेहमीप्रमाणे बायकांनी सोलायचे ठरलं. माझ्या शालीचा रंग भैयाजींनी स्वतः निवडला आहे. हल्ली माझ्यावर त्यांचा फार जीव जडला आहे, रोज येतात.

रात्री जेवताना सहज विचारल्यासारखं केलं. "ते सुमंत काय करतात गं हल्ली?"

"कोण सुमंत?"

"बँकेतले. गाणारे."

"ते होय! दिल्लीला मुलाकडे असतात म्हणे. काय बेसूर गायचे हो, आम्ही टेबलाखाली तोंड लपवायचो." आणि भात वाढायला लागली.

किती सफाईने लपवते!

१ जानेवारी

काल जे झालं ते क्रमाने लिहितो.

संध्याकाळी चौकात दुधाचं पातेलं चढलं. मागे कापडी फलक, बाजूला स्पीकर. सौ. ओगराळ्याने दूध वाढत होती, महिला शाखेच्या शोभाताई पेले देत होत्या. भैयाजींनी भाषण करून माझ्या खांद्यावर शाल घातली. मी नारळ हातात घेऊन उत्तरादाखल बोलायला उभा राहिलो, आणि शेजारी एक छोटा टेम्पो येऊन थांबला. हेमराज. वाडीच्या गोदामात माल रवाना करून थेट आमच्याकडेच आले होते.

"काकू!" तिथूनच ओरडले. "पैली पेटी तुमची! गोऱ्या पार्टीच्या आधी!" आणि दुधाच्या टेबलावर पेटी ठेवून त्यातून मिरचीची बाटली काढून सर्वांना दिसेल अशी उभी केली.

स्पीकर चालू होता. भैयाजींनी बाटली उचलून चष्मा लावला आणि मागचा कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली. त्यांचं इंग्रजी सावकाश चालतं, त्यामुळे प्रत्येक शब्द चौकभर पोचला. भडकते, विझते, सगळं. मग 'रिमाइंड्स द टेस्टर ऑफ अ सर्टन मॅन'. मग टेस्टरचं नाव, कॉलनीचं नाव. मग माझी सही. मग 'प्रेसिडेंट, डी-ॲडिक्शन कमिटी, सुयोग कॉलनी'. त्यांचा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत बारीक होत गेला.

"हे काहून छापलं?" मी हेमराजांना विचारलं. घाबरल्यावर माझी बोली बदलते.

"तुमीच म्हनले होते ना काकाजी, एक अक्षर गाळाचं नाही. पार्टीले तं लय आवडलं. म्हने, दारूबंदीवाल्या मानसानं सही केली म्हंजे माल चोख असंन."

कोणी दुधाला हात लावेना. शोभाताई हळूच म्हणाल्या, "वहिनी, कोण हो तो माणूस?"

भैयाजींनी स्पीकर बंद करून मला बाजूला ओढलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "साहेब, म्हना का छापखान्याची चूक आहे. दुसरी कोनी अरुंधती असंन. मी अनुमोदन देतो. काढ्याचं मातर कोनाले बोलू नका."

चूक म्हणायला किती सोपं होतं! शाल राहिली असती, अध्यक्षपद राहिलं असतं. मी सौ.कडे पाहिलं. ती ओगराळं हातात धरून माझ्याकडेच बघत होती. मी नाही म्हणेन असंच तिला वाटत असणार, कारण तिने नजर खाली घातली. ते मला सहन झालं नाही. त्या सुमंताचा मला इतका राग होता, तरी तिची चव खोटी होती असं म्हणायला जीभ उचलेना.

मी स्वतः स्पीकर चालू केला. म्हटलं, "छापलेलं सगळं खरं आहे. चव तिची, इंग्रजी माझं. मी घोटही घेतलेला नाही, पण तिने जे सांगितलं ते अक्षरशः उतरलं आहे. माणूस कोण ते मला माहीत नाही आणि प्रमाणपत्राला ते लागतही नाही." मग शाल काढून घडी घातली, नारळ त्या घडीवर ठेवला आणि राजीनामा दिला.

भैयाजींनी तो तिथल्या तिथे मंजूर केला, आणि उरलेल्या कार्यक्रमासाठी हंगामी अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव सुचवलं.

घरी आलो. उरलेलं दूध पातेल्यातून आणलं होतं. सौ.ने टेबलावर तिन्ही बाटल्या ओळीने मांडल्या आणि आपल्यासाठी वाटी घेतली. मी दूध घेतलं, शपथ पदाबरोबर जात नाही.

शेवटी विचारलंच. "आता सांग. तो माणूस कोण?"

"वाचा ना. इंग्रजी तुमचंच आहे."

मी संत्र्याची बाटली घेऊन वाचली. आधी चढेल, मग आतून गोड. जांभळाची वाचली. कौतुकाचा शब्द नाही, पण उठून जात नाही.

"मला डेंगू झाला होता तेव्हा," ती म्हणाली, "दवाखान्यात स्टुलावर बसून राहायचा एक माणूस. बरं वाटतं का म्हणून एकदा विचारलं नाही. डिस्चार्ज कार्डाचं इंग्रजी दुरुस्त करत बसला होता. पण हलला नाही तिथून."

मिरचीची वाचायला घेतली आणि दुसऱ्याच वाक्यावर थांबलो. गच्ची आठवली, मफलर आठवला. बाटली खाली ठेवली.

"मग नाव घालायचं होतंस!" मी म्हटलं. "दीड महिना मी त्या बेसूर माणसाच्या नावाने जळतो आहे!"

"काय बोलता! नवऱ्याचं नाव घेतात का असं? लग्नात घेतलं एकदा, उखाण्यात." ती लाजली. या वयात लाजली, मी पाहिलं.

आज सकाळी नवे अध्यक्ष वाटी घेऊन आले होते. अरुंधतीने त्यांना दूध दिलं.

ते गेल्यावर मी तिला स्पष्ट सांगितलं, बाकी सर्व ठीक, पण चढेल हा शब्द मला मान्य नाही.

तिने संत्र्याची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि खालच्या प्रमाणपत्रावर बोट ठेवलं. मुळाबरहुकूम खरे. खाली सही माझीच होती.